नाराची हरणं, पळसदेवचं जावळ

जपानला जायचं म्हणजे व्याह्याबरोबर जायचं, हे मला मुंबईच्या विमानतळावर कळलं. ओसाकात राहणाऱ्या लेकीनं फोनवर दोनच तिकिटं सांगितली होती, एक माझं आणि एक कुसुमचं, म्हणजे माझ्या बायकोचं. आणि दारात पाहतो तो पांढरी टोपी, कोरे बूट आणि दोरीनं आवळलेली बॅग घेऊन बाबूराव उभे. मी कुसुमकडे बघितलं. ती विमानांच्या वेळांचा फलक वाचू लागली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे मला लगेच समजलं की हिला सगळं आधीपासून माहीत होतं.

मी शेळगावचा, शेळ्या-बोकडांचा व्यापारी. सुरुवात दुसऱ्याची एक शेळी अर्धलीनं सांभाळून केली. म्हणजे चारा आपला, राखण आपली आणि होणाऱ्या पिल्लांतली निम्मी मालकाची. आज बारामतीच्या बाजारात मी एखाद्या बोकडाच्या पाठीवर हात ठेवला की बाकीची गिऱ्हाइकं मागे सरतात. स्वतःच्या जिवावर वर आलेल्या माणसाला फुकटचा मान नको असतो, पण हक्काचा कुणी बुडवला तर तो विसरतही नाही.

माझा मान पळसदेवला, बाबूरावांच्या अंगणात, माझ्या लेकीच्या लग्नात बुडाला. आमच्या इंदापूर तालुक्यात लग्नाला नवरदेव उशिरा आला तरी चालतं, माइक वेळेवर लागतो. त्यावर एक निवेदक असतो. तो आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं, साखर कारखान्याच्या प्रत्येक डायरेक्टरचं, माजी सरपंचाचं आणि होऊ घातलेल्या सरपंचाचं नाव घेऊन स्वागत करतो. त्या दिवशी त्यानं सगळ्यांची नावं घेतली. एका डायरेक्टरच्या ड्रायव्हरचंही घेतलं. नवरीच्या बापाचं घेतलं नाही. मी मंडपाच्या खांबाला टेकून अक्षता पडेपर्यंत कान देऊन उभा होतो.

तेव्हापासून मी बाबूरावांशी सरळ बोलत नाही. बोलावंच लागलं तर मध्ये कुणीतरी लागतं. विमानात मध्ये कुसुम होती. ओसाकात नात मिळाली.

ओसाका

नात इरा अजून वर्षाची व्हायची आहे, पण केस डोळ्यांवर येतात. ते बाजूला करण्यासाठी ती डोकं असं झटकते की घोड्याचं शिंगरू आठवावं. आमच्याकडे बाळाचे पहिले केस, म्हणजे जावळ, मामाच्या मांडीवर बसवून काढतात, देवाला दाखवतात आणि गावाला जेवण घालतात. मामा म्हणजे माझा मुलगा. त्यावर वाद नव्हता. वाद जागेचा होता.

माझं म्हणणं, जावळ शेळगावात, माझ्या नव्या बंगल्यासमोर. मोठा मांडव घालायचा आणि माइक आपला लावायचा. निवेदकाला मी मनातल्या मनात सगळं शिकवून ठेवलं होतं. आईकडच्या आजोबांचं नाव अधूनमधून घेत राहायचं. बापाकडच्या आजोबांचं अजिबात घ्यायचं नाही.

बाबूरावांचं म्हणणं, जावळ धरणातल्या देवळात. पळसदेवचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. तिथलं महादेवाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. एखाद्या साली पाणी उतरतच नाही.

"इरा, सांग तुझ्या आजोबाला," मी नातीला मांडीवर घेऊन म्हणालो, "पाणी उतरंपातूर तुझ्या केसांची येणी घालायला यील."

बाबूरावांनी तिच्या पायाचा अंगठा धरून हलवला. "इराबाई, तुमच्या शेळगावच्या आजोबाला सांगा, द्येव काय करडू हाय का, म्हणल तवा कानाला धरून आणायला?"

माझी लेक सोनाली स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच बाहेर आली. "आल्यापासून ऐकतीय मी. उद्या आपण नाराला चाललोय. परतीच्या गाडीत बसायच्या आत दोघांनी मिळून एक जागा सांगायची. नाही सांगितली तर रविवारी खालच्या सलूनमध्ये नेऊन इराचे केस कापून आणते. मग तिकडं जावळ नाही आणि यंदा आमचं येणंही नाही."

"मामाच्या मांडीवर न्हाय?" कुसुमनं हळूच विचारलं.

"सलूनच्या खुर्चीवर."

पोरगी माझी आहे. ती सौदा मोडते म्हणाली की मोडते. रात्री कुसुम मला म्हणाली, "तुमच्या माइकापायी नात दाराला पाय लावायची न्हाय." मी कूस बदलली.

नारा, गवताळ भाग

नारा हे एकेकाळी जपानची राजधानी होतं. तिथे गावाला लागूनच एक भलंमोठं मोकळं रान आहे. बाग म्हणावं तर कुंपण नाही, रान म्हणावं तर कागदाचा कपटा पडलेला नाही. हिरवं गवत, जुनी झाडं, मागे डोंगर आणि या सगळ्यात मोकळी फिरणारी हरणं. पलीकडच्या जुन्या देवस्थानाचा देव हरणावर बसून आला म्हणतात, म्हणून ती देवाची. त्यांना कुणी हाकलत नाही, मारत नाही, रस्त्यात आडवी बसली तर मोटारी थांबतात. आमच्याकडे देवाला सोडलेला वळू असतो, त्यातलाच प्रकार. फक्त वळू कुणापुढे वाकत नाही. ही हरणं वाकतात. खायला दिसलं की मान खाली घालून नमस्कार करतात, आणि तुम्ही उशीर केला की पुन्हा करतात.

मी जनावराकडे बघितलं की डोळा आपोआप वजन करतो. जवळ आलेली मादी चांगली भरलेली होती, कंबर रुंद, केस चकचकीत.

"द्येवाची हाय," कुसुम म्हणाली. "भाव करू नका."

हरणांसाठी खास बिस्किटं मिळतात, भाताच्या कोंड्याची, कागदाच्या पट्टीत बांधलेली. विकायला एक म्हातारी बसली होती. मी पुष्कळ घेतोय, तर वर एक पुडा असाच दे, असं खुणेनं सांगितलं. तिनं हसून वाकून नमस्कार केला. मी पुन्हा सांगितलं. ती आणखी खाली वाकली. मी पैसे परत खिशात घालून चार पावलं चालून दाखवली; बाजारात यावर भलेभले हाक मारतात. मागे वळून बघतो तर ती तेवढ्याच प्रेमानं वाकलेली. अशा माणसाशी भाव करता येत नाही. शेवटी तिच्याच किमतीला बिस्किटं घेतली. आयुष्यात असं फार कमी वेळा झालं आहे.

आणि ती घेऊन नीट उभाही राहिलो नाही तोच मागून त्या भरलेल्या मादीनं माझ्या पँटसकट मांडीचा घास घेतला.

बाबूराव हे सगळं बघत होते. ते इराला म्हणाले, "इराबाई, आज बाजारात उलटं झालं. जनावरानंच गिऱ्हाईक चाचपून बघितलं."

जेवायला आम्ही झाडाखाली बसलो. कुसुमनं भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. हरणांना बिस्किटांशिवाय काही द्यायचं नाही असा तिथला नियम आहे, त्यामुळे ती एका हातानं वाढत होती आणि दुसऱ्या हातानं डबा पोटाशी धरत होती. जावई विक्रमनं स्टेशनवरून तिथला एक पदार्थ घेतला होता, पानात घट्ट बांधलेला भात आणि त्यावर मुरवलेल्या माशाचा काप. मी वास घेऊन ठेवून दिला. बाबूरावांचं आयुष्य उजनीच्या काठावर गेलेलं. त्यांनी पान सोडलं, काप उचलून उजेडात धरला, पुन्हा ठेवला आणि सगळं संपवलं. "मासा वळाखतो, बोली निराळी हाय," म्हणाले. मग ठेचा मागून घेऊन त्याच्याबरोबर दुसरा खाल्ला. ते मला पटलं, पण सांगितलं नाही.

कंदिलांची वाट

देवस्थानाची हद्द एका कमानीनं सुरू होते. दोन लाल खांब आणि वर दोन आडवी तुळयांसारखी लाकडं; दार नसलेलं दार. कमान दिसताच सवयीनं मी चपला काढल्या. एक चप्पल एका झाडाखाली ठेवली, दुसरी पलीकडच्या झाडाखाली. आपल्याकडे देवाला जाणारा शहाणा माणूस असंच करतो, जोड एके ठिकाणी दिसला नाही की चोराचं मन होत नाही. मान वर करून बघतो तर बाबूरावही एक बूट हातात घेऊन दुसऱ्या जागेच्या शोधात.

"आबा, तात्या, इथं पायातलं काढत नाहीत," सोनाली पुढून ओरडली. पण तोवर आम्ही दोघं खडीवर उतरलो होतो आणि दुसरा परत फिरत नाही हे दिसल्यावर मीही फिरलो नाही. ती वाट लांब आहे आणि खडी बारीक, टोचरी. दोघेही देवळापर्यंत चेहऱ्यावर काही न दाखवता चालत गेलो. येताना बघितलं तर कुणीतरी माझ्या दोन्ही चपला आणि त्यांचे दोन्ही बूट गोळा करून कमानीपाशी शेजारी शेजारी, तोंडं बाहेर करून, नीट लावून ठेवले होते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडी कंदील आहेत. माणसाच्या उंचीचे, आतून पोकळ, वर छपरासारखी टोपी. शेकडो असतील, पुढे मोजणं सोडून द्यावं लागतं. अंगावर शेवाळ असं जाड की हात ठेवला तर गादीवर ठेवल्यासारखा वाटतो. प्रत्येक कंदील कुणीतरी देवाला दिलेला आणि देणाऱ्याचं नाव त्यावर कोरलेलं, असं विक्रम म्हणाला. मी तीन-चार ठिकाणी वाकून बघितलं. नावाच्या जागी हिरवी मखमल.

"वर्साकाठी खरवडून घ्यायला काय हुतं?" मी म्हणालो. "येवढा दगूड दिलाय माणसानं."

विक्रम म्हणाला, "आबा, हितं शेवाळाला कुणी हात लावत नाही."

देऊळ लाल आणि पांढरं, ओसरीला टांगलेले पितळी कंदील, आणि मागे असं रान की ज्यात शेकडो वर्षांत कुऱ्हाड पडलेली नाही. नारळवाला नाही, हारवाला नाही, लवकर दर्शन करून देतो म्हणून मागे लागणारा कुणी नाही. मूर्तीही दिसत नाही. कुसुम बराच वेळ आत डोकावत राहिली. "मग नमस्कार कुणाला घालायचा?" विक्रमनं डोंगराकडे आणि रानाकडे हात केला. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. कुसुमनं ते सगळं केलं आणि वर आपल्या पद्धतीनं जमिनीला डोकंही टेकलं, राहायला नको म्हणून.

बाजूला एक खिडकी होती. तिथे लाकडाची बोटभर हरणं मांडली होती आणि प्रत्येकाच्या तोंडात गुंडाळलेली चिठ्ठी. विक्रम म्हणाला, चिठ्ठीत आपलं नशीब असतं. फार चांगलं, चांगलं, थोडं बरं, असं उतरत वाईटापर्यंत.

आमच्याकडे अडलेल्या कामात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला दोन फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हा तसलाच कौल, फक्त कागदावर. माझ्या डोक्यात सौदा तयार झाला. इरा आईबरोबर बाहेर बाकावर होती, म्हणून मी जावयाला मध्ये घेतलं.

"जावईबापू, तुमच्या वडलांना सांगा. मी चिठ्ठी काढतो. चांगली निघाली तर जावळ शेळगावात. वाईट निघाली तर द्येवाला पळसदेव पसंत न्हाय, आसं समजायचं."

बाबूरावांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मग विक्रमकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजी काटा कुठंबी झुकला तरी माल तुमचाच."

लग्नानंतर ते माझ्याशी सरळ बोलले ते हे पहिलं वाक्य, आणि तेही बरोबर होतं. मला राग आला.

"मग तुमी बोला, कसं करायचं."

"दोघं एकेक काढू. ज्याची चांगली, त्याची जागा."

याला नाही म्हणता येईना. विक्रमला तिथली भाषा बोलता येते, छापील वाचायचं काम सोनालीचं, म्हणून चिठ्ठ्या घेऊन आम्ही बाहेर निघालो. बाबूरावांनी आपली टोपीत खोचली. मी माझी उलगडून हातात धरली. अक्षरं कळत नव्हती, पण त्यांची ठेवण मला शुभ वाटत होती. मी सोनालीला हाक मारली, चिठ्ठी वर करून दाखवली, आणि बाजूच्या कंदिलामागून एक तोंड आलं आणि ती घेऊन गेलं.

मी हरणाला धरलं. शेळीला औषध पाजताना धरतात तसं मान काखेत घेऊन जबड्याच्या बाजूनं अंगठा आत घातला. तोंड उघडलं. दात उत्तम होते. चिठ्ठी नव्हती. दंडाला पट्टी लावलेला एक म्हातारा राखणदार धावत आला आणि मला जपानीत खूप काही बोलला. बोलणं रागाचं होतं, पण सुरुवातीला आणि शेवटी तो माझ्यापुढे वाकला.

सोनालीनं बाबूरावांची चिठ्ठी वाचली. "थोडं बरं. म्हणजे पळसदेव."

"माझी वाचलीच न्हाय," मी म्हणालो. "वाचली न्हाय ती हरली कशी?"

मी विक्रमला दंडाला धरून परत खिडकीवर नेलं. म्हटलं, देवाच्या जनावरानं खाल्ली, देवस्थाननं भरून द्यावी. तिथल्या पांढऱ्या सदऱ्यातल्या, लाल घागऱ्यातल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन एका वयस्कर पुजाऱ्याला आणलं. तो काही वेळ सावकाश बोलला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. विक्रमनं सांगितलं, "ते म्हणतात, हरीण म्हणजे देवाचा निरोप्या. निरोप्यानं चिठ्ठी नेली, म्हणजे ती देवापर्यंत पोचली."

"मग निकाल?"

"तो देव कळवेल म्हणतात."

"कवा? इचार."

विक्रम विचारेना. मागे बाबूराव येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "अर्ज आवक झाला, निकाल राखून ठिवला. सरकारी हापिसच हाय की ह्ये."

मी हसलो. हसायचं नाही हे नंतर आठवलं, पण तोवर आवाज बाहेर गेला होता. अंगठ्याला अजून हरणाची लाळ होती. पाय खडीनं सोलवटले होते. मी एका कंदिलाच्या जोत्यावर बसलो. बाबूराव शेजारच्या जोत्यावर बसले. बाकी सगळे पुढे गेले. सोनालीनं जाताना मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

"तुमाला काय जातंय थट्टा करायला," मी म्हणालो. "तुमचा मान कुणी माइकवर बुडीवला न्हाय."

"कंच्या माइकवर?"

मी सांगितलं. खांब, निवेदक, डायरेक्टर, ड्रायव्हर, सगळं. इतक्या वर्षांचं होतं, त्यामुळे न अडखळता आलं.

बाबूरावांनी विचारलं, "आन माझं घेतलं व्हतं का?"

"तुमचं आंगण, तुमचा माइक."

"माइक पुढाऱ्यांच्या पोरांनी लावल्याला. नावं त्यांनीच दिल्याली. मी आचाऱ्यापशी हुबा व्हतो. ऐकत व्हतो की मीबी. पोराचं लगीन हाय, बापाचं नाव एकदा यील म्हणून. न्हाय आलं. कुणाला बोललो न्हाय, घरातबी न्हाय. काय सांगायचं, माझ्याच दारात मला कुणी वळाखलं न्हाय?"

मला ती सगळी नावं क्रमानं पाठ होती. मी तिथल्या तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितली. बाबूरावांचं नाव त्यात नव्हतं. मी इतकी वर्षं माझंच शोधत होतो, दुसऱ्या कुणाचं राहिलंय हे बघितलंच नव्हतं.

"त्या ड्रायव्हरचं घेतलं," मी म्हणालो.

"दोनदा," बाबूराव म्हणाले.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या निवेदकाचा उद्धार केला. देवाच्या दारात बोलू नये असं बरंच बोललो. जवळची हरणं उठून लांब जाऊन बसली.

शांत झाल्यावर बाबूराव म्हणाले, "माझं जावळ त्याच देवळात निघालं, पाव्हणं. आई सांगायची, पायरीवर मामाच्या मांडीवर लय रडलो म्हणून. पुढं धरण आलं. इक्रमच्या टायमाला वाट बघितली, बघितली, पाणी उतरलंच न्हाय. शेवटी काठावर बसून, पाण्याकडं तोंड करून काढलं."

बोकडाचा सौदा असता तर समोरच्याचा आवाज असा झाल्यावर मी भाव आणखी पाडला असता. तो मांडव, तो बंगला, निवेदकाच्या तोंडून येणारं माझं नाव, हे सगळं मला समोर दिसत होतं आणि सोडवत नव्हतं. मग व्यापाऱ्याच्या सवयीनं मी दुसऱ्या मालाची चौकशी केली.

"तितं देवळापशी लाईट हाय का?"

"पाण्यातनं लाईट कशी यील?"

"मांडव?"

"गाळात खांब उभा राहत न्हाय."

"माइक?"

बाबूरावांनी माझ्याकडे नीट बघितलं. "होडीतनं जावं लागतं, पाव्हणं. माणसं बसत्याली का माइक?"

"मग पळसदेव," मी म्हणालो. "माइकच न्हाय तितं कुणाचं नाव गाळायचा सवालच न्हाय. पण बोकडाचं जेवण दुसऱ्या दिवशी शेळगावात, आन बोकड मी निवडणार."

"निवडा की."

"मामाच्या शेजारी मी बसणार."

"दुसऱ्या बाजूला मी."

"आन पाणी उतरलं न्हाय तर?"

"तर काठावर. पर तुमच्या काठावर, शेळगावच्या कॅनॉलला."

एवढी मोठी सूट मी मागितलीही नव्हती. मला संशय आला की यांना उतरणाऱ्या पाण्याची आधीच खात्री आहे, पण हात पुढे केला होता आणि त्यांनी तो धरला होता.

स्टेशनवर सोनाली इराला कडेवर घेऊन फलाटावर उभी होती. गाडी लागलेली होती. "बोला," ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकदम पळसदेव म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. कुसुमनं पिशवीतून बाहेर आलेलं भाकरीचं फडकं आत कोंबलं आणि आधी गाडीत जाऊन बसली.

गाडीत मी आणि बाबूराव शेजारी बसलो. इरा आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी झोपली होती, डोकं त्यांच्याकडे, पाय माझ्याकडे. बाबूराव तिच्या डोळ्यांवरचे केस बोटानं मागे सारत होते. होडीत किती माणसं बसतील आणि कुणाकुणाला बोलवायचं याचा हिशेब आम्ही हळू आवाजात करत होतो. तुमची बहीण, आमचा भाऊ, मामा, न्हावी, होडीवाला. होडी भरत आली.

"आन डायरेक्टर?" बाबूराव म्हणाले. "त्यांना न्हाय बोलावलं तर वाईट दिसंल."

"बोलवू की," मी म्हणालो. "पवता येत आसंल तर येत्याल."